व्हीलचेअर घेऊन परदेशात ट्रेनने जायचंय? आधी विचारा, रॅम्प कोण लावणार

"तिकडे काय, सगळं व्हीलचेअरवाल्यांसाठी केलेलंच असतं." परदेशात जायचं ठरलं की नातेवाईकांपैकी कुणीतरी हे बोलतंच, आणि ते अर्धं खरंही आहे. स्टेशनला लिफ्ट असते, टॉयलेट मोठं असतं, ट्रेनमध्ये व्हीलचेअरसाठी जागा राखलेली असते. घोळ होतो तो लिफ्टमधून बाहेर पडल्यावर आणि डब्यात शिरायच्या आधी, म्हणजे प्लॅटफॉर्मची कड आणि ट्रेनचा दरवाजा यांच्या मधल्या त्या हातभर अंतरात. बाकी सगळा प्रवास चाकांवर होतो, तेवढा तुकडा होत नाही. मी आईला व्हीलचेअरवर घेऊन ब्रिटनमध्ये बऱ्यापैकी आणि स्वित्झर्लंडमध्ये थोडी फिरलेय, बहीण लीड्सला असते म्हणून जाणं होतं, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय, की तिकीट, हॉटेल, बघायच्या जागा हे सगळं नंतर, आधी प्रत्येक स्टेशनवर चढवणार कोण आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उतरवणार कोण, एवढं लावून घ्यायचं.

ही उंची जुळत का नाही ते आधी बघू, कारण ते कळलं की पुढचे सगळे नियम आपोआप कळतात. ट्रेनचं चाक साधारण नव्वद सेंटीमीटर व्यासाचं असतं, त्याच्या वर डबा बसवायचा म्हटल्यावर मजला मीटरभराच्या वर जाणारच, आणि दरवाजे बरेचदा डब्याच्या टोकाला म्हणजे नेमके चाकांच्या आसपास. प्लॅटफॉर्म मात्र कुणी दीडशे वर्षांपूर्वी बांधलेला, कुणी गेल्या वर्षी. ब्रिटनमध्ये स्टँडर्ड उंची ९१५ मिलिमीटर आहे पण जुनी स्टेशनं ती कुठे पाळतात, एकाच स्टेशनात दोन प्लॅटफॉर्म वेगवेगळ्या उंचीचे सापडतात. जर्मनीत ५५ आणि ७६ सेंटीमीटर या दोन मुख्य उंच्या, आणि तिथल्या वेगवान आयसीई गाड्यांचा मजला सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे ७६ च्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं तरी समोर जवळजवळ खुर्चीच्या बैठकीएवढी चढण. त्यात आडवी फट वेगळीच. त्याच रुळावरून मालगाड्याही जातात, त्यांना मोकळी जागा लागते म्हणून कड फार जवळ आणता येत नाही, आणि प्लॅटफॉर्म वळणावर असला की फट अजून वाढते. मुंबईकराला फट म्हणजे काय ते शिकवायला नकोच.

यावर जगात तीनच उपाय आहेत. एक म्हणजे गाडीचा मजला आणि प्लॅटफॉर्म एका पातळीत आणणं, मग कुणाची मदतच लागत नाही, आपली आपण खुर्ची आत. दुसरा रॅम्प, जो कुणीतरी येऊन लावायचा. तिसरा लिफ्ट, म्हणजे इमारतीतली नाही, तर प्लॅटफॉर्मवर ढकलत आणायचा एक पिंजरा, किंवा गाडीच्या दरवाजातच बसवलेली यांत्रिक पाटी. पहिला उपाय असेल तर तुम्ही मनमोकळे फिरता, दुसरा-तिसरा असेल तर माणूस लागतो, आणि माणूस लागतो म्हटलं की आधी कळवणं आलं, वेळेच्या आधी पोचणं आलं, आणि तो आलाच नाही तर काय, हा प्रश्नही आला.

ब्रिटनपासून सुरू करते कारण तिथली पद्धत मला सगळ्यात जास्त माहितीये. तिथे या मदतीला पॅसेंजर असिस्ट म्हणतात, पैसे पडत नाहीत, फोनवर, वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर बुक करता येते, आणि ट्रेन कंपन्या वीस असोत नाहीतर तीस, बुकिंग एकाच ठिकाणी पूर्ण प्रवासाचं होतं. पूर्वी दिवसभर आधी सांगावं लागायचं, एप्रिल २०२२ पासून दोन तास आधी सांगितलं तरी चालतं. न सांगता थेट स्टेशनवर गेलात तरी ते शक्य तेवढी मदत करतात, तो तुमचा हक्कच आहे, पण परक्या देशात, हातात सामान, बरोबर म्हातारं माणूस, अशा वेळी मी तरी तो जुगार खेळत नाही. आणि एक गोष्ट आपल्या लोकांना माहीतच नसते. ही मदत फक्त व्हीलचेअरवाल्यांना नाहीये. मुलांकडे जाणारे आपले आई-बाबा एअरपोर्टवर व्हीलचेअर मागतात ना, गुडघे दुखतात, लांब चालवत नाही, इंग्रजी अनाउन्समेंट कळत नाही म्हणून, अगदी तसंच ट्रेनलाही मागता येतं. स्टेशनची व्हीलचेअर दरवाजापर्यंत येते, बॅग चढवायला मदत मिळते, गाडी बदलायची असेल तिथे माणूस उभा राहतो. ज्यांच्याकडे स्वतःची व्हीलचेअर नाही त्यांनी "मी सीटवर बसून जाणार" हे मात्र स्पष्ट सांगायचं, नाहीतर व्हीलचेअरची जागा अडते आणि ज्याला खरी गरज आहे तो राहतो.

बुकिंग करताना काय सांगायचं याचा नीट विचार करून ठेवा, कारण समोरचा माणूस प्रश्न भराभर विचारतो. खुर्ची साधी की इलेक्ट्रिक, लांबी किती, रुंदी किती, माणसासकट वजन किती, खुर्चीतच बसून राहणार की सीटवर येणार, रॅम्प लागेल का, गाडी कुठे बदलायची, बरोबर कोण आहे, सामान किती. स्टेशन मोठं असेल तर कुठल्या दरवाजातून येणार तेही, कारण लंडनच्या मोठ्या स्टेशनात मदतीचा डेस्क शोधण्यातच दहा मिनिटं जातात. आणि गाडी बदलायला जेवढा वेळ अ‍ॅप दाखवतं त्यावर विश्वास ठेवू नका. तो धडधाकट माणसाने जिना उतरून पळत जायचा वेळ असतो, तुम्हाला आधी सगळे उतरेपर्यंत थांबायचंय, मग रॅम्प, मग लिफ्टची रांग, मग दुसऱ्या प्लॅटफॉर्मवरचा दुसरा माणूस. अर्धा तास हातात ठेवलेला बरा.

प्रत्यक्ष चढवतात कसं, तर लीड्सला बघितलेलं सांगते. गाडी सुटायच्या वीसेक मिनिटं आधी डेस्कला सांगायचं. एक माणूस येतो, प्लॅटफॉर्मवर खांबाला कुलूप लावून ठेवलेला रॅम्प सोडवतो. अ‍ॅल्युमिनियमचा, मधोमध दुमडणारा, कडेला पिवळा पट्टा. दरवाजाच्या उंबऱ्याला खोबण असते तिच्यात रॅम्पची टोकं अडकवतो, मग स्वतः त्याच्यावर एक पाय जोरात आपटून बघतो हलतोय का, आणि मग "ऑलराइट, लव्ह?" म्हणून आईकडे बघतो. आईला लव्ह म्हणणारं पहिलंच माणूस असावं ते, तिने मान डोलावली आणि खुर्ची आत. एवढ्यावर त्याचं काम संपत नाही. तो आम्ही उतरणार त्या स्टेशनला फोन करून कळवतो की अमुक गाडीत, अमुक डब्यात, अमुक जागी व्हीलचेअर आहे. हा फोन म्हणजे सगळ्याचा गाभा आहे. तुम्ही बुकिंग केलेलं असतं ते एका सिस्टीममध्ये, पण गाडी उशिरा निघाली, प्लॅटफॉर्म बदलला, डबे उलटे लागले, तर खरं काय झालं ते या फोनवरूनच पुढे जातं. म्हणून तो निघायच्या आधी "तुम्ही तिकडे कळवताय ना?" हे मी हसत हसत पण न विसरता विचारते. कुणी चिडत नाही.

कारण चढवणं सोपं असतं, तुम्ही समोर उभे असता, तुम्हाला विसरता येत नाही. उतरवायला मात्र कुणीतरी बाहेरून यावं लागतं, आणि तिथेच दगा होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये टॅनी ग्रे-थॉम्पसन यांच्या बाबतीत झालं ते ब्रिटनभर गाजलं. ११ पॅरालिम्पिक सुवर्णपदकं मिळवलेल्या, हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सदस्य, पॅरिसच्या पॅरालिम्पिकला निघालेल्या. लीड्सहून रात्री लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनला पोचल्या, डबा रिकामा झाला, कुणी आलंच नाही. पंधरा-सोळा मिनिटं वाट बघून शेवटी खुर्चीतून खाली बसून, फरफटत प्लॅटफॉर्मवर उतरल्या. कंपनीने माफी मागितली. आता त्यांचं बुकिंग आधीच्या गाडीचं होतं, ती चुकली म्हणून पुढची धरली, चढताना स्टाफने मदतही केली, म्हणजे नेमका मधला निरोप कुठेतरी पडला. एवढ्या मोठ्या बाईंचं असं होतं तिथे आपण कोण, असा विचार करून घाबरायचं नाही, पण गाडी बदलली की बुकिंग आपोआप बदलत नाही एवढं यातून पक्कं लक्षात ठेवायचं.

काही लोकांना माहीत नसलेली ब्रिटनमधली अजून एक सोय म्हणजे, तुम्हाला जायचंय ते स्टेशनच व्हीलचेअरला जमणारं नसेल, नुसते जिने असतील किंवा लिफ्ट बंद पडली असेल, तर जवळच्या जमणाऱ्या स्टेशनपासून तिथपर्यंत व्हीलचेअर घेणारी टॅक्सी ट्रेन कंपनीने द्यायची, जादा पैसे न घेता. हे बुकिंगच्या वेळीच मागायचं. स्टेशनच्या नावापुढे "स्टेप-फ्री" लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, त्याचा अर्थ बहुतेक वेळा रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत पायरी नाही एवढाच असतो, प्लॅटफॉर्मपासून गाडीपर्यंत नाही. लंडनच्या अंडरग्राउंडच्या नकाशात हा फरक चांगला दाखवलाय. व्हीलचेअरचं निळं चिन्ह असेल तर रस्त्यापासून थेट गाडीत, पांढरं असेल तर फक्त प्लॅटफॉर्मपर्यंत. अंडरग्राउंडची २७२ स्टेशनं, त्यातली साधारण एक तृतीयांशच स्टेप-फ्री. उलट २०२२ साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन हीथ्रोहून येते, तिच्या सगळ्या स्टेशनांना प्लॅटफॉर्मपर्यंत पायरी नाही, आणि पॅडिंग्टन ते वुलिच या मधल्या नव्या भागात तर गाडी आणि प्लॅटफॉर्म एका पातळीत, कुणाला बोलवायची गरज नाही. आईने तिथे स्वतः चाकं फिरवत गाडीत शिरून दाखवलं. पॅरिसची मेट्रो मात्र व्हीलचेअरवाल्यांनी बाजूलाच ठेवावी, जुन्या मेट्रोत लाइन १४ सोडली तर सगळीकडे पायऱ्याच पायऱ्या, तिथे बस बरी. लंडनच्याही सगळ्या बसना रॅम्प आहे आणि काळ्या टॅक्सीत व्हीलचेअर सरळ आत जाते.

आता मोजमापं. हा भाग कंटाळवाणा आहे पण पैसे वाया जातात ते इथेच. युरोप आणि ब्रिटनच्या गाड्या ज्या व्हीलचेअरला धरून बनवतात ती ७० सेंटीमीटर रुंद, १२० सेंटीमीटर लांब, आणि माणसासकट जास्तीत जास्त ३०० किलो. जपानमध्येही ७० आणि १२० हेच आकडे. अमेरिकेत अ‍ॅमट्रॅक या तिथल्या लांब पल्ल्याच्या रेल्वेला ३० इंच बाय ४८ इंच आणि माणसासकट ६०० पाउंड, म्हणजे सेंटीमीटरमध्ये ७६ बाय १२२, वजन २७२ किलोच्या आसपास. मोजताना नुसती सीट मोजायची नाही, पाय पुढे आलेले असतात ते धरून मोजायचं, मागे ऑक्सिजनचा सिलिंडर किंवा बॅग लटकवत असाल तर तीही. आपल्याकडची साधी घडीची व्हीलचेअर यात आरामात बसते. इलेक्ट्रिकमध्ये पाठ मागे झुकणारी, पाय वर उचलणारी मोठी खुर्ची असेल तर टेप घेऊन बसाच.

मोबिलिटी स्कूटरचं, म्हणजे चालता न येणाऱ्यांसाठीच्या बॅटरीवरच्या तीन-चार चाकी स्कूटरचं, गणित याहून अवघड. बऱ्याच जणांना वाटतं व्हीलचेअर चालते तर स्कूटर का नाही, दोन्हीला बॅटरी, दोन्हीला चाकं. पण खुर्ची जागच्या जागी फिरते, स्कूटर फिरत नाही, ती गाडीसारखी पुढे-मागे घेत वळवावी लागते. डब्यात वळायला साधारण दीड मीटर व्यासाची जागा ठेवलेली असते, टॉयलेटच्या दारापाशी तर अजून अडचण. दुसरं, रॅम्पचा चढ. आपल्याकडे इमारतीत एकास बारा म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांब उतार अशी पद्धत असते, ट्रेनच्या रॅम्पला मात्र युरोपातले नियम १८ टक्क्यांपर्यंत चढ चालवून घेतात, म्हणजे दुपटीहून जास्त. त्यावर तीनचाकी स्कूटर तिरकी गेली की कलंडते, काही छोट्या स्कूटरचं पोट उंबऱ्याला घासून अडकतं, आणि सीट उंच असल्यामुळे तोल मागे जातो. तिसरं, डबा हलत असताना स्कूटरवर बसून राहू देत नाहीत, बहुतेक ठिकाणी सीटवर बसावं लागतं. म्हणजे ज्याला सीटवर येता येत नाही त्याने स्कूटर नेण्यात अर्थच नाही.

ब्रिटनमध्ये प्रत्येक ट्रेन कंपनीचा स्कूटरचा नियम वेगळा, काही कंपन्या आधी परमिट किंवा कार्ड काढायला लावतात आणि ते काढताना स्कूटर कुठल्या मॉडेलची ते विचारतात. तिथल्या कायद्यात स्कूटरचे दोन वर्ग आहेत, फुटपाथवर ताशी ४ मैलांनी जाणारी क्लास २ आणि रस्त्यावर ८ मैलांपर्यंत जाणारी क्लास ३. ती मोठी क्लास ३ रेल्वेत नेण्याच्या फंदात पडू नका, आकारानेच बाद होते. घडी होणारी किंवा सुटे भाग होणारी छोटी स्कूटर असेल तर सगळे प्रश्न मिटतात, ती सामान म्हणून जाते, आणि त्यासाठी परमिटही सहसा लागत नाही. पण मग ती उचलणार कोण? स्टाफ तुमचं सामान एका मर्यादेपर्यंतच उचलतो, पंचवीस-तीस किलोची स्कूटर बरोबरच्या माणसालाच चढवावी लागते. माझं स्पष्ट मत विचाराल तर ट्रेनचा प्रवास बराच असेल तर स्कूटर घरी ठेवा, साधी ढकलायची व्हीलचेअर न्या, आणि पोचल्यावर गावात फिरायला स्कूटर भाड्याने घ्या. ब्रिटनच्या बऱ्याच शहरांत बाजारपेठेपाशी शॉपमोबिलिटीच्या जागा आहेत, तिथे दिवसाच्या हिशोबाने मिळते.

रॅम्पवरून उतरताना एक गोष्ट आईच्या फिजिओथेरपिस्टने शिकवली होती ती सांगून टाकते. ढकलायची व्हीलचेअर उतरवताना तोंड गाडीकडे, पाठ प्लॅटफॉर्मकडे, म्हणजे उलटी उतरवायची, माणूस पुढे घरंगळत नाही. स्टाफला ते माहीत असतं पण घाईत एखादा सरळ घेऊन निघतो, तेव्हा थांबवायला लाजू नका.

आता जागा किती असतात. युरोपच्या नियमात गाडीच्या लांबीवर ठरतं. ३० मीटरपेक्षा छोटी असेल तर एक, २०५ मीटरपर्यंत दोन, ३०० मीटरपर्यंत तीन आणि त्याहून लांब गाडीत चार. हो, एवढ्याच. शेकडो लोकांच्या गाडीत दोन-तीन खुर्च्या. म्हणजे व्हीलचेअरवाल्या चार मैत्रिणींनी एकत्र निघायचं म्हटलं तर एका गाडीत मावणं कठीण. सुट्टीच्या दिवसात या जागा आधी भरतात म्हणून लांब पल्ल्याच्या गाडीत असिस्टबरोबरच जागाही बुक करून टाकायची. जागेजवळ मदतीचं बटण असतं आणि मोठं टॉयलेट त्याच डब्यात असतं. चढायच्या आधी टॉयलेट चालू आहे का ते विचारा. गाडीत चढल्यावर कळून उपयोग नाही. स्टेशनवरची दिव्यांगांची टॉयलेटं ब्रिटनमध्ये बरेचदा कुलूपबंद असतात, त्यांची एकच किल्ली देशभर चालते, १९८१ पासूनची योजना आहे, रडार की म्हणून विकत मिळते. जर्मनी आणि आसपासच्या देशांत तशीच युरो किल्ली असते.

युरोपात कायदा एक, पण प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. रेल्वे प्रवाशांच्या हक्कांचा नवा युरोपीय नियम जून २०२३ पासून लागू आहे, त्यात मदत फुकट, २४ तास आधी कळवायचं, आणि तुमची व्हीलचेअर रेल्वेच्या हातून मोडली तर भरपाई त्यांनी द्यायची. शिवाय कंपनीने "एकट्याने येऊ नका, बरोबर माणूस हवाच" अशी अट घातली तर त्या माणसाचं तिकीट त्यांनीच फुकट द्यायचं. जर्मनीत डॉइच बान या तिथल्या रेल्वे कंपनीचं मदतीचं केंद्र आहे, तिथे आदल्या दिवशी रात्री ८ पर्यंत सांगायचं, दुसऱ्या देशात जाणारी गाडी असेल तर अजून आधी. मोठ्या स्टेशनांवर तो पिंजऱ्यासारखा लिफ्ट ढकलत आणतात, आयसीई ४ या गाड्यांत मात्र लिफ्ट दरवाजातच असतो, आणि टाल्गो या स्पॅनिश कंपनीने बनवलेली आयसीई एल ७६ सेंटीमीटरच्या प्लॅटफॉर्मच्या पातळीतच आहे. फ्रान्समध्ये टीजीव्ही या वेगवान गाड्यांना एक मजा आहे, व्हीलचेअरची जागा फर्स्ट क्लासात आणि भाडं सेकंड क्लासचं. लंडन-पॅरिस धावणाऱ्या युरोस्टारलाही व्हीलचेअरसाठी वेगळं सवलतीचं तिकीट असतं, बरोबरच्या माणसालाही, पण पासपोर्ट, सिक्युरिटी सगळं स्टेशनातच होतं म्हणून एअरपोर्टसारखा वेळ काढून जायचं.

स्वित्झर्लंडला आपल्याकडून इतके लोक जातात की त्याच्यावर दोन वाक्यं जास्त. तिथला दिव्यांग समानता कायदा २००४ पासून लागू झाला आणि सगळी सार्वजनिक वाहतूक सुधारायला २० वर्षांची मुदत दिली, ती २०२३ च्या शेवटी संपली, आणि स्विस लोक घड्याळाला जागणारे असूनही ती पाळता आली नाही. अजून बऱ्याच स्टेशनांचं काम चालू आहे. तरी जिथे पातळी जुळलीये तिथे अफाट सोपं आहे, ५५ सेंटीमीटरचा प्लॅटफॉर्म आणि खाली उतरलेला मजला, खुर्ची सुळकन आत. जिथे नाही तिथे मोबीलिफ्ट नावाचा हाताने फिरवायचा लिफ्ट येतो, त्यासाठी रेल्वेच्या हँडिकॅप कॉल सेंटरला कळवायचं. देशाच्या आतल्या प्रवासाला फार आधी सांगावं लागत नाही, वेळापत्रकातच कुठल्या स्टेशनला आपलं आपण चढता येतं आणि कुठे मदत लागते याची चिन्हं दिलेली असतात, हे मला फार आवडलं. युंगफ्राउयोखला, म्हणजे ३४५४ मीटरवर, व्हीलचेअर जाते. इंटरलाकेनहून ट्रेनने ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल, तिथून २०२० साली सुरू झालेली आयगर एक्सप्रेस नावाची केबल कार, आणि वर पुन्हा दातेरी रुळावरून चढणारी रेल्वे. टूर कंपन्या व्हीलचेअर म्हटलं की "वरती नको, त्रास होईल" म्हणतात ते बहुतेक वेळा त्यांच्या वेळापत्रकाला त्रास होतो म्हणून. उंचीचं मात्र डॉक्टरांना विचारा, तो खरा मुद्दा आहे.

जपान आणि अमेरिका थोडक्यात. जपानमध्ये स्टाफ रॅम्प घेऊन येतो आणि तुम्ही उतरणार त्या स्टेशनला फोन लावून "इथे माणूस तयार आहे" असं उत्तर आल्याशिवाय तुम्हाला चढवतच नाही, त्यामुळे एखादी गाडी सोडावी लागते पण उतरताना माणूस दारात हजर. त्यांच्या नव्या शिंकान्सेनमध्ये, म्हणजे एन७००एस या बुलेट ट्रेनमध्ये, २०२१ पासून सहा व्हीलचेअरची जागा एका डब्यात आहे, बाहेर बघायला खिडकीसकट. अमेरिकेत न्यू जर्सीकडच्या मुलांकडे जाणाऱ्या आई-बाबांना एक फायदा आहे, त्या पूर्वेकडच्या मोठ्या मार्गावर बरीच स्टेशनं उंच प्लॅटफॉर्मची आहेत, मेट्रोपार्कसारखी, तिथे फट झाकायला छोटी पाटी पुरते. देशाच्या आतल्या भागात मात्र प्लॅटफॉर्म जवळजवळ जमिनीला टेकलेले, तिथे हाताने फिरवायचा लिफ्ट. अ‍ॅमट्रॅक दिव्यांग प्रवाशाला आणि बरोबरच्या एकाला १० टक्के सूट देतं.

सवलतीवरून आठवलं, आपलं भारतातलं युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, तिकडे तिकिटावर चालेल असं गृहीत धरू नका. जर्मनीत दिव्यांगांना लोकल गाड्या जवळजवळ फुकट आहेत पण ते तिथल्या रहिवाशांच्या कार्डावर. ब्रिटनचं डिसेबल्ड रेलकार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सवलतीचं कार्ड, तेही तिथले पुरावे मागतं. पण तिथे एक पळवाट नव्हे, सरळ नियमच आहे, की जो स्वतःच्या व्हीलचेअरमध्येच बसून प्रवास करतो त्याला कार्ड नसलं तरी ठरावीक पूर्ण दराच्या तिकिटांवर सूट मिळते, बरोबरच्या एकालाही, फक्त ती खिडकीवर जाऊन घ्यावी लागते. आता गंमत अशी की महिनाभर आधी काढलेलं स्वस्त अ‍ॅडव्हान्स तिकीट बरेचदा त्याहून स्वस्त पडतं, पण ते एकाच गाडीला बांधलेलं असतं. दोन्ही बघून ठरवा.

इलेक्ट्रिक खुर्ची किंवा स्कूटर भारतातून नेत असाल तर ट्रेनच्या आधी विमान आहे. घडीच्या साधनातून काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॉट-अवरपर्यंत केबिनमध्ये न्यायला परवानगी असते, दोन बॅटऱ्यांवर चालणारं असेल तर प्रत्येकी १६० पर्यंत, पण एअरलाइनला आधी कळवून त्यांचा होकार लेखी घ्या. बॅटरीवर वॉट-अवर छापलेले नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा, २४ व्होल्ट १० एएच म्हणजे २४०. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का बघा, जपानमध्ये १०० आणि अमेरिकेत १२० व्होल्ट असतं. आणि अ‍ॅलन कीचा संच बॅगेत ठेवा, पायाच्या पाट्या दर दोन दिवसांनी सैल होतात.

राहिलं ते, उतरताना कुणी आलंच नाही तर. स्टेशन यायच्या दहा मिनिटं आधी बरोबरच्या माणसाने गार्डला गाठून सांगून ठेवायचं, ब्रिटनमध्ये बऱ्याच गाड्यांत रॅम्प गाडीतही असतो आणि गार्ड तो लावू शकतो. थांबल्यावर प्लॅटफॉर्मवर कुणी दिसलं नाही तर मदतीचं बटण दाबायचं, बरोबरच्या माणसाने खाली उतरून दरवाजापाशी, स्टाफला दिसेल असं उभं राहून हात करायचा, सामान सगळ्यात शेवटी काढायचं. आम्हाला हे एकदा करावं लागलं, गार्ड धावत आला, दोन मिनिटांत खाली. एकटे असाल तर बटणाबरोबर अ‍ॅप किंवा स्टेशनचा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये उघडाच ठेवा. आणि बुक केलेली मदत मिळाली नाही तर नुसतं चिडून घरी येऊ नका, ब्रिटनमध्ये त्याची भरपाई मागता येते, आधी ट्रेन कंपनीकडे, त्यांनी दाद दिली नाही तर रेल ओम्बड्समन या तक्रार निवारणाच्या स्वतंत्र संस्थेकडे. त्यासाठी बुकिंगचा नंबर, गाडीची वेळ आणि डब्याचं अक्षर तेवढं त्याच वेळी फोनमध्ये टिपून ठेवा.